विषय चाखून बघताना : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधील विद्यापीठे शाळकरी मुलांसाठी ‘टेस्टर डे’ घेतात. एखादा विषय विद्यापीठात कसा शिकवला जातो आणि त्यातून पुढे कोणती कामे मिळतात, याचा एक दिवसाचा अनुभव मुलांना तेथे मिळतो. वसंत ऋतूपासून जुलैपर्यंत या दिवसांची गर्दी असते, त्यामुळे या वेळी आलेली बहुतेक पत्रे त्याविषयीच आहेत. मी बरीच वर्षे एका विद्यापीठात शाळांसाठीचे हे दिवस आखण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून उत्तरे देते.

प्रश्न : आमचा मुलगा इयर टेनमध्ये आहे. शाळेने जवळच्या विद्यापीठातील टेस्टर डेसाठी त्याचे नाव घातले आहे. आम्ही दोघे भारतात शिकलो. आमच्या वेळी असे काही नव्हते. ओपन डे म्हणतात तो हाच का? आणि चौदा-पंधराव्या वर्षी याचा उपयोग काय?
— एक आई, मिल्टन कीन्स

उत्तर : हे दोन्ही दिवस वेगळे आहेत. ओपन डेला विद्यापीठ स्वतःची ओळख करून देते : इमारती, वसतिगृह, ग्रंथालय, फी आणि प्रवेशाची माहिती. त्या दिवशी पालकांनी बरोबर जाणे अपेक्षितच असते. टेस्टर डेला ओळख होते ती विषयाची. मुले वर्गात किंवा प्रयोगशाळेत बसतात, एखादे व्याख्यान ऐकतात, छोटे काम स्वतः करतात आणि त्या विभागात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलतात. पालकांना तेथे बहुधा बोलावत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण आई शेजारी बसलेली असली की मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते.

इयर टेनमध्ये याची गरज का, हे समजण्यासाठी येथील शिक्षणाची घडण लक्षात घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये मुले सोळाव्या वर्षी जीसीएसई या शालेय परीक्षा संपवून ए लेव्हलला, म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासाला, साधारणपणे तीनच विषय ठेवतात आणि अठराव्या वर्षी पदवीचा अर्ज बहुधा एकाच विषयासाठी करतात. (स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची असते आणि पहिल्या दोन वर्षांत इतर विषयही घेता येतात, त्यामुळे तेथे थोडी सवड मिळते.) म्हणजे आपला मुलगा पुढच्या वर्षी जे तीन विषय निवडेल, त्यांनी काही दारे उघडी राहतील आणि काही बंद होतील. रसायनशास्त्र सोडले तर मेडिसिन जवळजवळ हातचे जाते. गणित सोडले तर भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी जातात, आणि अर्थशास्त्रही अनेक विद्यापीठांत जाते, हे तर कित्येक पालकांच्या ध्यानीमनीही नसते. अर्थशास्त्राच्या टेस्टर डेला फळ्यावर आलेख आणि समीकरणे बघून बावरलेली मुले मी दर वर्षी पाहिली आहेत. इयर टेनमध्ये बावरले तर विचार करायला वर्ष हाती असते.

गॅट्सबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने २०१४ साली शाळांतील करिअर मार्गदर्शनासाठी आठ निकष मांडले. पुढे इंग्लंडमधील सरकारी मार्गदर्शनही त्यांवर बेतले गेले. विद्यापीठात जाण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अठराव्या वर्षापर्यंत किमान दोनदा विद्यापीठात जाऊन तेथील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना भेटलेले असावे, असे त्यांत म्हटले होते. तेव्हा शाळेने नाव घातले आहे, तर त्याला जरूर पाठवावे.

एकच सावधगिरी सुचवते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ते शीत त्याच भांड्यातले असायला हवे. काही कार्यक्रमांत धूर, ठिणग्या आणि टाळ्या एवढेच असते. मुले खूश होऊन परततात, पण विद्यापीठातील रसायनशास्त्राशी त्याचा संबंध फार थोडा असतो. संध्याकाळी मुलाला विचारावे : तू स्वतः काय केलेस? कुठे अडलास? दोन्हींना उत्तर असेल, तर दिवस खरा होता.

प्रश्न : मुलगी इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे ए लेव्हलच्या पहिल्या वर्षात आहे. दोन वर्षे तिने मानसशास्त्राचा ध्यास घेतला होता. गेल्या महिन्यात ती मानसशास्त्राच्या टेस्टर डेला गेली आणि “हे मला नको” म्हणत घरी आली. “नुसते आकडे होते,” एवढेच ती सांगते. दोन महिन्यांत शाळेला तिची निवड कळवायची आहे. एका दिवसाने इतके बिघडावे, याचे फार वाईट वाटते. तिला समजवावे का?
— एक बाबा, लेस्टर

उत्तर : आपली काळजी मला समजते, पण काही बिघडले आहे असे मला मुळीच वाटत नाही. उलट, त्या दिवसाने जे काम करायचे ते चोख केले.

तेथे काय झाले असेल याची मला कल्पना आहे, कारण असा तास मी कित्येकदा मागच्या बाकावर बसून पाहिला आहे. स्ट्रूपचा १९३५ सालचा प्रयोग यासाठी बहुतेकांना आवडतो. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत आणि ‘हिरवा’ हा शब्द पिवळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, वर्ग हसतो, जोडीदार घड्याळ लावून सेकंद मोजतो. ही पहिली वीस मिनिटे. पुढचा तास मात्र त्या सेकंदांचा असतो : सगळ्यांचे आकडे तक्त्यात भरायचे, सरासरी काढायची, आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत ते बघायचे, आणि वर्गात दिसलेला फरक खरा आहे की योगायोग हे ठरवायचे. काही मुले याच तासाला पुढे सरकून बसतात. तुमची मुलगी त्यांतली नव्हती, इतकेच.

आता समजवण्याविषयी. “दुसऱ्या विद्यापीठात आकडे कमी असतील” असे तिला सांगू नका, कारण ते खरे नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली पदवी लागते आणि संशोधन पद्धती व संख्याशास्त्र हा अशा पदवीचा कणाच असतो. शिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर पदवीनंतर तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते आणि तीतही संशोधन आहेच. म्हणजे तिला जो भाग नको वाटला तो वाटेवरचा खड्डा नाही, ती वाटच आहे.

हा शोध तिला आत्ता लागला याचे मोल पैशातही सांगता येते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साली पदवीची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, आणि स्टुडंट फायनान्स या सरकारी कर्जयोजनेकडून फीचे कर्ज साधारणपणे अभ्यासक्रमाची वर्षे अधिक एक वर्ष एवढ्यापुरतेच मिळते. पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये, घरापासून दूर एका खोलीत, हेच वाक्य तिच्या तोंडून निघाले असते, तर ते जादा वर्ष तिथेच खर्ची पडले असते. पैशापेक्षाही मला अशा मुलांचे चेहरे आठवतात. विषय चुकला असे त्यांना वाटत नाही. आपणच चुकलो, असे त्यांना वाटते.

तरीही लगेच फुली मारू नका. एक दिवस म्हणजे एक शिक्षक, एक खोली आणि कदाचित उपाशीपोटी गाठलेली पहाटेची गाडी. तिला नेमके काय नको वाटले, हे दोन-तीन दिवसांनी शांतपणे विचारा. आकडे नको वाटले की आकड्यांची भीती वाटली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भीती असेल तर तिच्या गणिताच्या शिक्षकांशी बोलता येईल, कारण पदवीचे संख्याशास्त्र अगदी पायापासून शिकवतात. पण आकडे समजूनही कंटाळा आला असेल, तर दोन वर्षे ती मानसशास्त्र म्हणत होती तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय होते, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येते : माणसांशी बोलणे, कोणाला तरी मदत करणे. समाजकार्य, शिक्षणशास्त्र, मानसिक आरोग्याचे नर्सिंग, ऑक्युपेशनल थेरपी या विषयांत ते भरपूर आहे. त्यांचेही टेस्टर डे असतात, आणि तेथे जागा बऱ्याचदा रिकाम्या राहतात. यांतल्या एखाद्याला तिने पुढच्या काही आठवड्यांत जावे. आपण तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत जावे. बाकीचे तिच्यावर सोडावे.

प्रश्न : मुलाला डॉक्टर व्हायचे आहे. एका खासगी कंपनीचा तीन दिवसांचा मेडिसिन टेस्टर कोर्स आहे, फी काही शे पौंड. “प्रवेशासाठी महत्त्वाचा” असे जाहिरातीत लिहिले आहे. ओळखीतल्या दोघांनी मुलांना पाठवले. आम्हीही भरावेत का?
— एक पालक, स्लाऊ

उत्तर : भरू नयेत. मेडिकल स्कूल असला कोर्स मागत नाही आणि तो केला म्हणून कोणाला झुकते मापही देत नाही. हौस म्हणून कोणी जावे, पण “प्रवेशासाठी महत्त्वाचा” या शब्दांवर विश्वास ठेवून घरखर्चातून पैसे काढणाऱ्या पालकांची पत्रे वाचली की मला मनापासून त्रास होतो.

विद्यापीठांचे स्वतःचे मेडिसिनचे टेस्टर डे बहुधा विनामूल्य असतात. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात, म्हणून लवकर बघावे. तेथे जागा मिळाली नाही तरी अडत नाही. रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने ‘ऑब्झर्व्ह जीपी’ हा उपक्रम सोळा वर्षांवरील मुलांसाठी विनामूल्य ठेवला आहे. जीपीचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरचे, काम कसे चालते हे त्यातील चित्रफितींत दिसते. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूलचा ऑनलाइन कार्य-अनुभवही विनामूल्य आहे. याहून मोलाचे म्हणजे प्रत्यक्ष माणसांत केलेले, नियमित, साधे काम. एक मुलगा मला आठवतो. वृद्धाश्रमात दर शनिवारी चहाची गाडी ढकलण्याचे काम त्याने कित्येक महिने केले होते. “तिथे काय शिकलास?” असे विचारल्यावर तो म्हणाला की, साखर किती हे विचारल्यावर उत्तर यायला कधी कधी अर्धा मिनिट लागते आणि त्या अर्ध्या मिनिटात आपण पुन्हा विचारायचे नसते. तीन दिवसांच्या कोर्समध्ये गळ्यात स्टेथोस्कोप घालून काढलेल्या फोटोत हे येणार नाही.

एक गोष्ट जोडते. यूकास या विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक व्यवस्थेच्या अर्जात पाच पर्याय देता येतात, पण मेडिसिनसाठी त्यांतले चारच वापरता येतात. पाचवा द्यायचा तर तो वेगळ्या विषयाचा द्यावा लागतो आणि अर्ज ऑक्टोबरच्या मध्यालाच जातो. पाचव्या रकान्यात काय लिहायचे याचा विचार घरोघरी शेवटच्या आठवड्यात होतो, हे मला बघवत नाही. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टर आणि नर्स यांच्याखेरीज ‘अलाइड हेल्थ’ म्हणून ओळखले जाणारे १४ व्यवसाय आहेत : रेडिओग्राफी, फिजिओथेरपी, डोळ्यांच्या हालचालींवर उपचार करणारी ऑर्थोप्टिक्स, पॅरामेडिक आणि असे इतर. इंग्लंडमध्ये यांतल्या अनेक पदव्यांच्या विद्यार्थ्यांना वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदानही मिळते आणि ते परत करावे लागत नाही. काही शे पौंड वाचवून मुलाला अशा एका टेस्टर डेच्या प्रवासाचे तिकीट काढून द्यावे.

प्रश्न : काही टेस्टर कार्यक्रमांच्या फॉर्मवर “आईवडिलांपैकी कोणी विद्यापीठात गेले आहे का?” असे विचारतात. आम्हा दोघांच्या पदव्या भारतातल्या आहेत. येथे त्या नाहीत असे धरून ‘नाही’ लिहिले तर चालेल का?
— नाव दिलेले नाही

उत्तर : चालणार नाही. बहुतेक फॉर्मवर प्रश्नाखालीच त्याची व्याख्या दिलेली असते. ती वाचावी आणि तीत परदेशातील पदवी धरली असेल तर ‘हो’ लिहावे. शंका असेल तर फॉर्मवरच्या पत्त्यावर विचारावे, उत्तर मिळते. सटन ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या १९९७ पासून चालत आलेल्या समर स्कूलसारखे उपक्रम सरकारी शाळांतील, आणि त्यातही ज्यांच्या घरातून पूर्वी कोणी विद्यापीठात गेले नाही अशा मुलांना प्राधान्य देतात. अर्ज कसा करायचा, ट्यूटोरियल म्हणजे काय, हे सांगणारे घरात कोणी नसते, अशा मुलांसाठी ती जागा राखलेली असते. तुमच्या मुलांना ते सांगणारी दोन माणसे घरात आहेत. विभागांचे स्वतःचे, सर्वांसाठी खुले असलेले टेस्टर डे पुष्कळ असतात. त्यांना अर्ज करावा.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात भाषाशास्त्राच्या टेस्टर डेला जाणार आहे. शाळेतून मी एकटीच आहे आणि अनोळखी लोकांत मला बोलता येत नाही. तिथे काय विचारायचे असते? घरी सगळे विचारतात, यात नोकरी कुठली. (हे पत्र आजीने लिहायला मदत केली.)
— एक विद्यार्थिनी, कार्डिफ

उत्तर : तुझे पत्र वाचून फार आनंद झाला, आणि आजींनाही नमस्कार सांग.

एकटी जाते आहेस हे चांगलेच आहे. घोळक्याने आलेली मुले दिवसभर एकमेकांशीच बोलतात. एकटे आलेले मूल जेवणाच्या सुट्टीत नाइलाजाने शेजारच्याशी बोलते आणि त्या बोलण्यातूनच सगळ्यात जास्त कळते. मोठ्याने, सगळ्यांसमोर प्रश्न विचारायची काहीही सक्ती नसते. रंगीत टी-शर्ट घातलेले विद्यार्थी मदतीला असतात; त्यांच्यातल्या एकीला गाठ. “कोर्स कसा आहे?” असे विचारू नकोस, कारण त्यावर “छान आहे” याशिवाय कोणी काही सांगत नाही. त्याऐवजी विचार : मागच्या आठवड्यात तू काय लिहिलेस? वर्गात किती तास असतेस आणि एकटीने किती वेळ वाचावे लागते? पहिल्या वर्षी तुझ्या वर्गात कोणी सोडून गेले का, आणि का? शेवटचा प्रश्न धीटपणाचा वाटेल, पण उत्तरे प्रामाणिक येतात.

भाषाशास्त्राच्या दिवसाला तुझ्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी त्या खोलीत बहुतेकांकडे नसेल. मी एकदा अशा वर्गात बसले होते. शिक्षिकेने फळ्यावर इंग्रजीतला ‘वी’ लिहिला आणि विचारले, “यात ऐकणारा धरला आहे की नाही?” वर्ग गोंधळला. एक मराठी मुलगी हळूच म्हणाली की आमच्याकडे दोन शब्द आहेत. ‘आपण निघूया’ म्हटले तर तूही येतोस, ‘आम्ही निघतो’ म्हटले तर तू मागे राहतोस. शिक्षिकेने खडू तिच्या हाती दिला. तिने दोन्ही वाक्ये देवनागरीत लिहिली आणि पुढची दहा मिनिटे तो तास तिचाच झाला. असा भेद जगातल्या कितीतरी भाषांत आहे आणि भाषाशास्त्रात त्याला रीतसर नावही आहे. आजीशी तू रोज जे बोलतेस ते तिथे अभ्यासाचे साहित्य आहे. जाण्यापूर्वी अशा दोन-तीन गोष्टी आजींच्या मदतीने वहीत टिपून ठेव : ‘मी आंबा खाल्ला’ म्हणताना क्रियापद आंब्याच्या मागे का जाते आणि ‘मी आंबा खातो’, ‘मी आंबा खाते’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मागे का जाते, हे विचारून बघ. आजी बरोबर बोलतील, पण कारण सांगताना थबकतील. भाषाशास्त्र तिथूनच सुरू होते.

नोकरीविषयी घरच्यांना सांग की, कोशनिर्मिती, बोललेले ओळखणारी संगणकप्रणाली, परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे, न्यायालयासाठी ध्वनिफितीतील आवाजाची तपासणी, या सगळ्यांत भाषाशास्त्र शिकलेली माणसे आहेत. वाचा-उपचारासाठी वेगळी मान्यताप्राप्त पदवी लागते, पण आधी भाषाशास्त्र करून नंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमानेही तिकडे जाता येते. आणि ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठीच्या कितीतरी नोकऱ्या कोणत्याही विषयाच्या पदवीवर मिळतात. सॉलिसिटर, म्हणजे वकील, व्हायलाही कायद्याचीच पदवी लागत नाही; २०२१ पासूनच्या एसक्यूई परीक्षेला कोणत्याही विषयाचे पदवीधर बसू शकतात.

प्रश्न : मुलाने चार टेस्टर डे केले, चारही प्रमाणपत्रे जपून ठेवली आहेत. विद्यापीठाच्या अर्जातील पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे स्वतःविषयीच्या लेखी निवेदनात, ती कशी घालावीत?
— एक आई, हाउन्सलो

उत्तर : प्रमाणपत्रे फाइलमध्ये राहू द्यावीत. २०२६ च्या प्रवेशापासून यूकासच्या स्टेटमेंटमध्ये तीन प्रश्न आहेत : हा विषय का, शालेय शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्हींना मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. चार दिवसांची नावे लिहिण्यात ती खर्च करू नयेत. एकच दिवस घ्यावा, त्यातला एक मुद्दा घ्यावा आणि घरी आल्यावर त्याबद्दल मुलाने पुढे काय वाचले, काय करून पाहिले, ते लिहावे. पुढे काहीच केले नसेल तर तो दिवस स्टेटमेंटमध्ये नसलेला बरा.

प्रश्न : आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेस एका छोट्या गावात राहतो. विद्यापीठ गाठायला चार तास लागतात. मुलाला मटेरियल्स सायन्स (धातू, काच, प्लास्टिक अशा पदार्थांचे शास्त्र) हा शब्द कुठेतरी भेटला आणि तो त्यामागे लागला आहे. शाळेत कोणालाच त्याविषयी फारसे सांगता येत नाही. टेस्टर डेची तारीखही हुकली. आता काय?
— एक बाबा

उत्तर : विभागाच्या पत्त्यावर मुलाने स्वतः चार ओळी लिहाव्यात : मी कोण, कुठे राहतो, येणे शक्य झाले नाही, ऑनलाइन सत्र असेल तर कळवा. लांबून येणाऱ्यांसाठी प्रवासखर्चाची सोय आहे का, हेही त्यातच विचारावे. बऱ्याच ठिकाणी असते आणि न विचारल्यामुळे ती तशीच राहते. ओपन युनिव्हर्सिटीच्या ‘ओपनलर्न’वर विज्ञान आणि अभियांत्रिकीचे छोटे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, तेही बघावेत.

तोवर घरीच एक करून बघता येईल. स्टीलची कागदाची पिन सरळ करून त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवावी आणि ती किती वाकवण्यांनंतर तुटते ते मोजावे; अशा दहा पिनांचे आकडे लिहावेत. ते सारखे येणार नाहीत. का येत नाहीत, आणि तुटण्यापूर्वी पिन त्या जागी कडक का होत जाते, हे शोधायला त्याने पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातले धातूंवरचे प्रकरण ग्रंथालयातून मागवावे. तिसऱ्या संध्याकाळीही तो ते पुस्तक उघडत असेल, तर मला पुन्हा लिहा. पुढच्या वर्षीच्या टेस्टर डेसाठी कोणकोणत्या विभागांकडे बघावे ते कळवीन.